नाव बदललं, मांडे राहिले

समाजकार्याची पदवी घेऊन नऊ वर्षं झाल्यावर आमच्या संस्थेला वाटलं, मला परत शिकवावं. प्लेग येऊन गेल्यानंतरची ती वर्षं. सुरतेत प्रशिक्षणांचं नुसतं पेव फुटलं होतं. हे पाच दिवसांचं शिबिर खास पदवीधर कार्यकर्त्यांसाठी, कतारगामच्या एका समाजवाडीच्या सभागृहात. मला एका जागी बसायचा मुळातच कंटाळा. पहिल्याच दिवशी तासाभरात माझी चुळबुळ सुरू झाली. तिकडे भेस्तानच्या वस्तीत माझ्या कामातल्या बायका वाट बघत असतील आणि मी इथे 'नीट ऐकावं कसं' हे वहीत उतरवून घेतेय! शिकवायला बडोद्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. बाई हुशार होत्या, म्हणून तर जास्त राग यायचा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कामातली एक केस मांडायची होती. नियम ठरलेला: माणसाचं नाव बदलायचं, वय बदलायचं, मुलंबाळं, कामधंदा, सगळं असं फिरवायचं की सख्ख्या आईलाही ओळख पटू नये. मी हात वर केला. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं आणि मला ते मिरवायचं होतं, खोटं कशाला बोलू?

ती बाई खानदेशातली. नवरा भेस्तानात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. त्याने तिला दोनदा पेटवायचा प्रयत्न केला, दुसऱ्या वेळी मुलगी मध्ये पडली म्हणून वाचली. वर्षापूर्वी मीच त्या दोघींना अंगावरच्या कपड्यांनिशी सुरतेबाहेर चलथाणला नेलं, साखर कारखान्याच्या मागे एक खोली बघून दिली. जिथे दिसेल तिथे संपवीन, असं नवरा गल्लीत उघड सांगत फिरत होता. तिचा पत्ता मला आणि तिला, दोघींनाच ठाऊक. माझ्या संस्थेच्या फायलीतसुद्धा तो नव्हता.

आणि तिच्या हाताला काय गुण होता! उलट्या खापरावर पुरणाचे मांडे करायची. पिठाचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत एवढा पातळ करायची की पलीकडचं दिसावं. तिकडच्या खानदेशी घरांत लग्न असो, आखाजीचा सण असो, तिला बोलावणं यायचंच. त्यावर घर चालत होतं, मुलगी शाळेत जात होती.

मी केस मांडली. तिचं नाव बदललं, मुलीचा मुलगा केला, लूमवाल्या नवऱ्याला रंगाच्या मिलमध्ये घातलं, गाव नदीच्या या काठावरून त्या काठावर नेलं. पण शेवटी, ती आता पायावर उभी आहे हे सांगताना, माझी जीभ सैल सुटली. साखर कारखान्यामागे राहते आणि मांडे करून पोट भरते, असं मी रंगवून सांगितलं. अहो, तेच तर सांगायचं होतं मला! प्राध्यापिकाबाईंनी मान डोलावली. ओळख कशी लपवावी याचा हा नमुना आहे, असंही म्हणाल्या. मी फुगले.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत एक कार्यकर्ता माझ्याजवळ आला. दुसऱ्या संस्थेतला, आमच्याच खानदेशातला, राहायला भेस्तानात. समेट घडवून आणणं हे त्याचं काम आणि त्यावर त्याचा भाबडा विश्वास. ती बाई आमच्याच गल्लीतली ना, म्हणाला. असे मांडे करणारी अख्ख्या गल्लीत एकच होती, तिच्या हातचे त्याने स्वतः खाल्ले होते. मी नाही म्हणाले, पण मला खोटं बोलता येत नाही, तोंडावर दिसतं. तो हसला. नवरा सुधारलाय हो, दारू सोडलीय, म्हणाला. मग अगदी सहज सांगितलं:

"काल घरी जाताना त्याच्या कानावर घातलं. चांगली आहे, मांडे करते, एवढंच. पत्ता नाही सांगितला, ताई."

मी त्याला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. लोक बघायला लागले. प्राध्यापिकाबाई मध्ये आल्या, सत्र सोडून गेलात तर प्रमाणपत्र मिळणार नाही म्हणाल्या. मी पर्स उचलली आणि निघाले.

चलथाणची शटल रिक्षा भरेपर्यंत हलत नव्हती. ड्रायव्हरला मी तीनदा सांगितलं, चल बाबा, उरलेल्या सीटचे पैसे मी देते. सगळ्या वाटेभर मनात एकच: नवऱ्याला पत्ता लागतोच कशाला? सुरतेभोवतीच्या खानदेशी वस्त्यांत मांडे कोण करतं हे कुणालाही विचारावं, चार घरांत बोट दाखवतील. आम्ही माणसं एकमेकांना नावाने ओळखतच नाही. कोणत्या गावची, कुणाची सून, हाताला काय चव, यावरून ओळखतो. नऊ वर्षं याच माणसांत काढून मला हे कळू नये? मला स्वतःची चीड आली, रडूही आलं.

ती घरीच होती. दारात खापर उन्हाला टेकवून ठेवलेलं, मुलगी शाळेत. नवरा अजून आला नव्हता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, दोष कुणावर ढकलला नाही. ती ओरडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. ती खाली बसली.

"मी मांडे करस ते फक्त तुमलेच सांगेल व्हतं," म्हणाली.

मग उठली आणि गाठोडं बांधायला लागली. मुलीची वह्या-पुस्तकं, दोन पातळं, डबा. मी मदतीला वाकले तर तिने गाठोडं आपल्याकडे ओढून घेतलं. मी घाईघाईने बोलत होते: नवसारीला एक ओळखीचं घर आहे, आत्ताच फोन करते, शाळेचा दाखला मी काढून आणते. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. खापर तिने भिंतीशीच राहू दिलं. मी म्हटलं, हे घ्या ना, यावर तर तुमचं पोट आहे. तिने नकारार्थी मान हलवली.

शाळेकडे वळायच्या आधी ती थांबली. आवाजात राग नव्हता.

"आते मी कोठे जासू, ते तुमले सांगाव नही, ताई."