अठरावी लाईन

नारायण पेठेतल्या त्या पाच मजली व्यापारी इमारतीची व्यवस्था राजनंदिनी रामटेके अकरा वर्षं पाहत होती. त्याआधी ती एका रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होती. भंडाऱ्याहून नवीन आली तेव्हा तिच्या बोलीला हसणारे पुढे तिच्या आवाजावरच भरवसा ठेवायला शिकले होते. त्यामुळे फोन कंपनीची नोटीस आली तेव्हा सोसायटीत कुणीच डोकं चालवलं नाही. तांब्याच्या तारांवरचे जुने फोन महिनाअखेर बंद होणार, त्याआधी सगळ्यांनी फायबरवर जायचं. रामटेके मॅडम आहेत, त्या बघतील.

मॅडमनी दारोदार फिरून कुठल्या तारेवर काय चालतं ते लिहून काढलं. कुणाचं कार्डाचं मशीन, कुणाचा चोरीचा अलार्म. फोन कंपनीच्या तंत्रज्ञ सुदर्शनकडे अठरा नंबर होते, त्यातल्या सतरांचे मालक सापडले.

बुधवारी संध्याकाळी जिन्याखालच्या पेटीशी वाकून तो म्हणाला, "मॅडम, अठराव्यावर टोन येतोय. ही लाईन कुणाची?"

सोसायटीचे अध्यक्ष तात्याराव मागेच उभे होते. "अहो मॅडम, तारा जोडताय की सोयरीक जुळवताय? दोन दिवस झाले."

राजनंदिनीचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या मजल्यावरचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस केव्हाच उठलं होतं, त्यांचा फॅक्स होता. "जुन्या फॅक्सची असेल," ती म्हणाली. "काढा." सुदर्शननं तार ओढून काढली.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज अकराला जाणार होती, ती साडेदहालाच गेली. दुकानदारांनी जनरेटर सुरू केले आणि सगळी इमारत धडधडायला लागली. थोड्या वेळानं चौथ्या मजल्यावरची फिजिओथेरपिस्ट तनया जिना उतरून आली.

"मॅडम, गोपाळकृष्ण काका दिसले का? साडेदहाची वेळ होती त्यांची. मोबाईल लागत नाहीये."

राजनंदिनीनं त्यांना पाहिलं होतं. वीज जायच्या जरा आधीच हातात मंडईची पिशवी घेऊन ते लिफ्टमध्ये शिरले होते. पण लिफ्टमध्ये फोन होता. लाल बटण दाबलं की थेट तिच्या टेबलावर घंटा वाजायची. तिचा स्वतःचा फोन अजून जुन्याच तारेवर होता, विजेवाचून चालणारा. मग तो गप्प का?

तिनं लिफ्टची फाइल उघडली. नंबर वाचला. कालचा अठरावा.

"सुदर्शन!" ती एवढ्या जोरात ओरडली की जनरेटरच्या आवाजातही तो वरच्या मजल्यावरून धावत आला. "काल काढलेली तार परत लावा. आत्ता. लिफ्टची आहे ती. आत माणूस आहे."

तनयानं लिफ्टवाल्या कंपनीला मोबाईल लावला. त्यांचा माणूस यायला वीस मिनिटं लागणार होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये केबिन अडकलं होतं. राजनंदिनीनं पोलादी दारावर मुठी आपटल्या, "काका! काका!" जनरेटरच्या धडधडीत आतलं काही ऐकू येत नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, मधुमेह, इन्शुलिनवर असलेला.

ती धावतच टेबलाशी परतली. "लागली?"

"दोन मिनिटं, मॅडम. अंधारात दिसत नाहीये."

"मोबाईलचा उजेड पाडा. लावा."

त्यानं जिन्याखालून हाक दिली तशी तिनं नंबर फिरवला. लिफ्टमधला फोन आपोआप उचलला जायचा. खरखर ऐकू आली, मग कुणाचा तरी जड श्वास.

"काका, मी रामटेके. ऐकू येतंय?"

अडखळत उत्तर आलं, "मी... पाच वेळा बटण दाबलं. घाम सुटलाय. डोळ्यांपुढे अंधारी."

"बसून घ्या. पिशवीत काय आहे?"

"चिकू."

"एक फोडा आणि खा. सालीसकट खा."

"हात... उचलवत नाही."

"काका, इन्शुलिन घेऊन नाश्ता केला होतात?"

"मंडईत गर्दी होती. राहिला."

"मग साखर उतरलीय तुमची. आता चिकू हाच नाश्ता. खाताय ते मला ऐकू आलं पाहिजे." रुग्णालयातल्या त्या जुन्या आवाजात ती बोलत राहिली. एक चिकू, मग दुसरा. सूनबाई कुठे असते, नातवंडं किती, सगळं विचारलं. चौथ्या प्रश्नाला ते चिडून म्हणाले, "अहो, तुम्ही काय खानेसुमारीला आला आहात का?" तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

लिफ्टच्या माणसानं हातानं चाक फिरवून केबिन दुसऱ्या मजल्याला आणलं. काका तनयाच्या खांद्याला धरून बाहेर आले. शर्ट भिजलेला, पण पायांवर उभे.

संध्याकाळी तात्याराव खुर्ची ओढून बसले. आवाजात नेहमीची धार नव्हती. "अहवालात तांत्रिक अडचण असं लिहा. घाई तर मीच केली होती."

"घाई तुम्ही केलीत," ती म्हणाली, "पण काढा असं मी म्हटलं." आणि तसंच लिहिलं, स्वतःच्या नावासकट. लिफ्टच्या फोनला बॅटरी हवी, ती बसेपर्यंत अठरावी लाईन तोडायची नाही, असंही खाली लिहिलं. तात्यारावांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली.

बॅटरी आठ दिवसांत बसली आणि लिफ्टचा फोन फायबरवर गेला. शेवटची तार काढायच्या आधी राजनंदिनीनं इमारतीचं मेन स्विच बंद करायला लावलं आणि दार लावून घेऊन एकटी लिफ्टमध्ये उभी राहिली. मिट्ट काळोखात तिनं लाल बटण चाचपून दाबलं.

"बोला मॅडम," तिच्या टेबलावरून सुदर्शन म्हणाला. "स्पष्ट येतंय."

"आता काढा," ती म्हणाली.