हप्त्यासाठी एक चेहरा जास्त

आईच्या शेतीच्या सरकारी हप्त्यापायी मुंबईत आमच्या चारकोपच्या घरात एक माणूस जास्त निघाला.

आई हिंगोलीकडची. चार एकर तिच्या नावावर. गुडघे गेले तसं शेत वाट्याने देऊन ती आमच्याकडे राहायला आली. त्या दिवशी पडताळणीची मुदत संपत होती. नाही केली तर हप्ता बंद! जन्मभर खुरपून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, मशीन ठसा घेईना. राहिला चेहरा. मोबाईलच्या अ‍ॅपसमोर बसायचं, पापण्या लववायच्या, झालं.

"दोन मिनिटांचं काम आहे गं," मी म्हणालो. (माझी सगळी संकटं याच वाक्याने सुरू होतात.)

भरदुपारचा उजेड तिच्या चष्म्यावर चमकत होता. मी जाड पडदे ओढले. खोली काळोखी झाली. मोबाईल आईवर धरला, तर आतली बाई थंडपणे बोलली, "कृपया एकाच व्यक्तीने समोर बसावे."

घरात आम्ही दोघंच! बायको वैशाली भाजीला गेलेली. भिंतीवर बाबांचा फोटो होता. (त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.) तो काढून मी पलंगावर पालथा ठेवला.

"कृपया एकाच व्यक्तीने समोर बसावे."

आता स्क्रीनवर दोन हिरवे चौकोन होते. एक आईच्या चेहऱ्याभोवती. दुसरा तिच्या खांद्याच्या वर, अंधारात. आणि त्या चौकोनात एक निळसर चेहरा डोळे वटारून थेट माझ्याकडे बघत होता!

"आई, हलू नकोस. तुझ्या मागे कोणीतरी आहे."

"कसा दिसतोय?"

"टक्कल... जाड मिशी..."

आईने शांतपणे पदर सावरला. मागे न वळताच म्हणाली, "आलात व्हय? बरं झालं. आवो, ह्या पोराला जरा समजवा. चाळिशी उलटली, अजून पालीला भितंय. परवा सोसायटीच्या मीटिंगीत तावातावाने बोलायला उठला, अन् 'थँक्यू' म्हणून खाली बसला!"

"आई, त्यांना कशाला सांगतेस हे!" मी किंचाळलो.

चौकोनातल्या माणसानेही तोंड उघडलं! माझ्या हातून मोबाईल निसटला. पुढच्या क्षणी मी टेबलावर उभा होतो.

तेवढ्यात कुलूप वाजलं. वैशाली पिशव्या घेऊन आत आली, टेबलावरचा नवरा पाहिला, त्याच्याकडून मागच्या चेहऱ्याचं ऐकलं आणि आधी पडदे सरकवले. आईच्या मागे शोकेस होतं, काचेचं.

"अरे यार, काचेत तूच दिसत होतास ना! मोबाईलचा उजेड तोंडावर घेऊन उभा राहिलास तर दुसरं काय होणार? उतर, आणि आधी बाहेर हो!"

बाबांकडून आलेलं टक्कल आणि मिशी घेऊन मी बाहेर झालो. अर्ध्या मिनिटात पडताळणी झाली, हप्ता वाचला.

आई मात्र हसली नाही. शोकेसकडे बघत एक सुस्कारा टाकून म्हणाली, "एवढ्या दिवसांनी मन मोकळं केलं बाई. अन् निघालास तू!"