मावसाजींची न दिसणारी वायर

नागपुरात वीज सगळ्यांच्या घरी उजेड पाडायला आली. आमच्या मावसाजींच्या घरी ती लपून बसायला आली. प्रताप नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दिवा दिसे, पंखा दिसे, रेडिओ ऐकू येई. पण त्यांच्यापर्यंत वीज कोणत्या वाटेने पोचते हे शोधून काढणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. भिंतीवर दिसणारी वायर म्हणजे मावसाजींच्या लेखी भल्या माणसाच्या पायजम्याची लोंबती नाडी. ती दिसली की ते आधी मान दुसरीकडे वळवत, आणि मग न राहवून स्वतः उठून आत खोचत.

मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. हिंगण्याच्या एका कारखान्यात वायरमन. बुटके, गोल, कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर. त्यांनी टेबलफॅनची वायर लोखंडी पलंगाच्या पोकळ पायातून आणली होती, त्यामुळे पलंग हलवला की वारा बंद. घंटीचं बटण दाराच्या चौकटीतल्या नक्षीत बसवलं होतं, तेही नक्षीच्याच रंगात. माझे वडील पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा बराच वेळ चौकट कुरवाळत उभे होते. शेवटी शेजाऱ्याने विचारलं, की दार विकत घ्यायचा विचार आहे का. स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण तर डाळींच्या कपाटात, आतल्या अंगाला होतं. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला गाऱ्हाणं सांगे, "दिवा लावाचा तं कपाट उघडा, न् कपाटात पाहाचं तं आधी दिवा लावा. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?" मावसाजी म्हणत, सवय होऊन जाईल.

घराबाहेरही त्यांना चैन नसे. कारखान्यात साहेबाच्या खोलीची वायरिंग त्यांनी अशी काही दडवली की ते रजेवर असताना दिवे गेले, तेव्हा कंपनीच्या जीपने त्यांना सासुरवाडीहून उचलून आणावं लागलं. लग्नाच्या मांडवात सगळे जेवायला बसत आणि हे लाउडस्पीकरची वायर केळीच्या खांबांमागे सरकवत फिरत. माझ्या मोठ्या भावासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा परतताना मावशीने त्यांना मुलगी कशी वाटली ते विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पण मीटरपासून वायर लोंबून राहिली त्यायची." आमच्या वहिनी हे अजून विसरलेल्या नाहीत.

आता, हा नुसता वेडेपणा होता असं समजू नका. मावसाजींची आई, म्हणजे आमची आजी, कन्हान नदीच्या पल्याडच्या गावात एकटी राहत होती. त्या गावात वीज आली त्याच पावसाळ्यात तिची दुभती म्हैस खांबाच्या तारेला अंग घासायला गेली आणि उभ्याची आडवी झाली. तेव्हापासून आजीच्या लेखी वायर म्हणजे साप. मावसाजींनी प्रताप नगरात घर बांधलं तेव्हा ती एकदा राहायला आली. खाटेवर पडली, वर पाहिलं, तर छतावरून लाकडी पट्टीवर एक काळी वायर थेट तिच्या डोक्यावरच्या दिव्यापर्यंत आलेली. ती उठली, खाट अंगणात काढली, आणि सकाळच्या पहिल्या मोटारीने परत गेली. जाताना म्हणाली, "ज्या घरात साप दिसते, तिथं मी झोपत नाही." मावसाजींनी हे वाक्य मनात धरलं. म्हातारीचे डोळे मंदावत चालले होते, हात थरथरत होते, आणि एकुलता एक मुलगा शहरात. तिला एकदा कायमची घरी आणायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. म्हणून त्यांनी घरातली एकेक वायर नाहीशी केली. पण ती यायला तयार होईना. म्हणे, दिसत नाही म्हणजे नाही असं कुठं असते.

इथे माझा आणि मावसाजींचा वाद होता. माझे वडील धम्मदीक्षेच्या वर्षापासून पत्रकं वाटत आलेले. मी अक्षरं ओळखायला शिकलो तोच पत्रकांवर. भीती ही अज्ञानातून येते, अज्ञान झाकलं की वाढतं, म्हणून जे आहे ते उघड्यावर मांडा, असं माझं ठाम मत होतं आणि आजही आहे. मी मावसाजींना सांगितलं, की तुम्ही वायर लपवून आजीची भीती पोसता आहात. तिला समजावून सांगायला हवं. ते म्हणाले, सांग. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. वीज माणसाची दासी आहे, तिला भिणं म्हणजे गुलामीची सवय, अशी त्यात जळजळीत वाक्यं होती. ते घेऊन मी नदीपल्याड गेलो आणि आजीच्या अंगणात उभा राहून खड्या आवाजात वाचलं. आजीने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बाबू, तू वाचतं लय चांगलं. पण म्हशीले हे कोणी वाचून नव्हतं दाखोलं." पत्रक तिने घडी करून लोणच्याच्या बरणीवर बांधलं. मावसाजींना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

त्या हिवाळ्यात आजी अंगणात पडली. हाड मोडलं नाही, पण हिंमत मोडली. थंडीपुरती येते, असा तिने निरोप धाडला. अटी दोन होत्या. शेळ्या संध्याकाळी रानातून घरी आल्या की त्या शेजारणीच्या हाती देऊनच ती निघणार. म्हणजे नदी ओलांडेपर्यंत दिवेलागण होणार. आणि मागे एकदा डोंग्यातून, म्हणजे नदीवरच्या छोट्या होडीतून, उतरताना अंधारात तिचा पाय घसरला होता, तेव्हा पाय कुठे पडतो ते तिला दिसलं पाहिजे. मावशी म्हणाली, कंदील न्या. डोंगा चालवणारा नावाडीही म्हणाला, कंदील आहे माझ्याकडे. पण मावसाजींच्या डोक्यात वेगळंच होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मायनं एकदा विजेच्या दिव्यात बसाले पाहिजे गा. वायर न पाहता. डोंग्यात निवांत बसली तं घरी राहीन. नाही तं थंडी सरली का परत जाईन, न् मग काही येत नाही." मी म्हटलं, ही फसवणूक आहे. ते म्हणाले, "असन. तू बल्ब धर."

अशा रीतीने मी, लपवाछपवीचा जाहीर शत्रू, एका लाकडी डोंग्यात वायर लपवायला बसलो. मावसाजींनी एका सोबत्याच्या मोटरसायकलची बॅटरी मागून आणली होती. तो बिचारा त्या दिवशी कंपनीच्या बसने कामावर गेला. बल्बही मोटरसायकलचेच, चिंचोक्याएवढे. त्यांना डोंग्याच्या काठात छिन्नीने खाच पाडायची होती, पण छिन्नी पाहताच नावाडी आडवा पडला. त्याच्या मते डोंग्याला आधीच पुरेशी भोकं होती. मग काठाच्या आतल्या बाजूने लाकडाची बारीक पट्टी ठोकली, तिच्यामागून वायर नेली, जोडांवर मेण ओतलं आणि वरून डांबर फासलं. पट्टीखालून बल्ब असे डोकावत होते की उजेड पायांवर पडावा आणि कुठून येतो ते कळू नये. बॅटरी खोक्यात, खोका गोणपाटाखाली, गोणपाट बसायच्या फळीखाली. बटणही त्याच फळीच्या पोटाला. नावाडी काठावर बसून बिडी ओढत सगळं पाहत होता. म्हणाला, "डोंग्याचं लगन हाय का, मोठे भाऊ? नवरी पाहून ठेवली का नाही?" मावसाजी पाण्यात गुडघाभर उभे राहून, एक डोळा मिटून, कुठे एखादा इंच उघडा राहिला का ते न्याहाळत होते. मी नाइलाजाने मान्य केलं की काहीच दिसत नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही वाटला, आणि त्या अभिमानाचा रागही आला.

संध्याकाळी आजी आली. नऊवारी लुगडं, हातात काठी, काखेत गाठोडं. ती येणार म्हणून नावाड्याने भलेपणाने मधल्या फळीवर भाताचं तणस पसरून वर गोधडी टाकली होती. उजेड अजून थोडा उरला होता, त्यामुळे मी हात दिला आणि ती सांभाळून चढली, गोधडीवर बसली, आणि नावाड्याने डोंगा लोटला. मध्यावर पोचेपर्यंत अंधारून आलं. मावसाजींनी दिवे लावायला फळीखाली हात घातला. बटण मिळेना. गोधडी चारी बाजूंनी खाली लोंबत होती, तणस मध्ये येत होतं, आणि नेमक्या जागेवर आजी बसली होती. मावसाजी वाकले, गुडघ्यांवर आले, मग पोटावर आले. मी दुसऱ्या बाजूने चाचपडू लागलो. डोंगा डुलायला लागला. नावाडी म्हणाला, "पाण्यात शोधा, इथं नाही भेटत तं." आजीने विचारलं, काय पडलं रे. मावसाजी घाम पुसत म्हणाले, "काही नाही माय. पेन्सिल." पेन्सिल त्यांच्या कानावर होती.

पैलतीराची काळी रेघ जवळ येत होती. तिथे उतरताना पाय घसरला असता तर म्हातारी पुन्हा कधी घराबाहेर पडली नसती. मावसाजी अजून फळीखाली चाचपडत होते. इतकी वर्षं जे साधलं ते आज जास्तच चांगलं साधलं होतं. त्यांनी वायर स्वतःपासूनच लपवली होती.

तेव्हा आजीने जागेवरून न उठता गोधडीखाली हात घातला आणि म्हणाली, "हे का? मघापासून हाताले लागून राहिलं." खट्ट आवाज झाला. साऱ्या डोंग्याच्या काठाखाली पिवळा उजेड पडला. आमचे चिखलाचे पाय, आजीची काठी, नावाड्याचं अर्धवट उघडं तोंड, सगळं दिसू लागलं. मावसाजी पोटावरच पडून होते. आजी उजेडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लहानपणी गूळ बी असाच लपवे तू. मले कधी सापडला नाही असं झालं का?"

मला वाटलं आता ती उठणार, ओरडणार. ती पदर सावरून नीट बसली. "वायर कुठी हाय ते नको सांगू. हाय तिथं असू दे. तू एवढं केलं, तं मी एवढं बसते." तीराला लागल्यावर ती स्वतःच्या पायाकडे बघत, उजेडात, कोणाचाही हात न धरता उतरली.

माझ्या पत्रकात असं एकही वाक्य नव्हतं. त्याची कच्ची प्रत घरी होती, तिच्यात मी त्या रात्री शोधून पाहिलं.

आजी थंडीपुरती आली होती ती शेवटपर्यंत राहिली. तिला डाळींच्या कपाटातलं बटण मावशीपेक्षा आधी पाठ झालं. संध्याकाळी ती तिकडे बघायचीही नाही. नुसता हात आत घालायची आणि दिवा लागायचा. मावसाजी कामावरून आले की विचारत, "माय, काही दिसते का?" ती सांगे, काहीच दिसत नाही. डोळे खरंच गेले त्यानंतरही ते विचारत राहिले आणि ती तेच सांगत राहिली.

ती गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. खोलीत नवी ट्यूबलाइट लावली होती. तिची वायर कपाटामागून नव्हे, पट्टीमागून नव्हे, तर भिंतीवरून तिरकी, उघडी, मधल्या एका खिळ्याला गुंडाळून खाली आलेली. मी चकित होऊन विचारलं, "मावसाजी, ही वायर?"

ते खुर्चीत बसले होते. कानावर पेन्सिल नव्हती. म्हणाले, "आता कोणापासून लपवू गा?"

मावशी आतून चहा घेऊन आली आणि ठेवून परत गेली. मी त्या वायरकडे पाहत बसलो. जे आहे ते उघड्यावर मांडा, हे माझं मत आजही आहे. पण मी उठलो, शेजारच्या खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि वायरच्या खिळ्याला अडकवलं. बरीचशी वायर झाकली गेली. मावसाजी मागून पाहत होते.

"जरासं डाव्या अंगाले घे," ते म्हणाले. "खालून दिसून राहिली."