साडेआठचं फाटक

माझा राग नाकावर असतो. मी आवाज चढवला की आमचा कुत्रा कूलरमागे जाऊन बसायचा आणि नवरा चप्पल घालून पानठेल्यावर जायचा. एकदा नवरा गेला तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात खोली घेऊनच राहिला. कुत्रा माझ्याकडे राहिला. भांडायला आम्हाला काहीही पुरायचं, पण कुत्रा दोघांचा, यावर कधी वाद झाला नाही.

कुत्र्याला फिट यायच्या. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेआठला गोळी, चुकवायची नाही. शनिवारी नवरा त्याला खोलीवर न्यायचा तेव्हा मी कागदाच्या पुड्या बांधून द्यायची, वर पेनाने ‘सकाळ’, ‘संध्याकाळ’ लिहून. एका सोमवारी कुत्रा परत आला आणि स्वयंपाकघरात आडवाच झाला. पाय ताठ, तोंडाला फेस. तो शांत झाल्यावर मी पिशवी उघडली. चारही पुड्या जशाच्या तशा.

नवरा फोनवर म्हणाला, “अवं, तो मस्त खेळून राहिला होता. मले वाटलं, बरा झाला.”

मोठा डॉक्टर लागून गेला! मी त्याला तिथेच सांगितलं, कुत्रा आता या घराबाहेर जाणार नाही. भेटायचं तर रविवारी सकाळी इथे यायचं.

त्याने कबूल केलं. पण त्याचं येणं म्हणजे बोलाचीच कढी. फोन केला की “येऊन राहिलो ना वं,” आणि मागून पंख्याची घरघर ऐकू यायची, म्हणजे स्वारी अजून गादीवरच. चूक माझीही होती. दर रविवारी सातला मी पट्टा फाटकाला अडकवायची. पट्टा दिसला की कुत्र्याला कळायचं आज कोण येणार, आणि तो फाटकाशी जाऊन बसायचा. मग गोळी घेईना, पोळी खाईना. नवरा दहाला उगवायचा, कधी उगवायचाच नाही.

शेवटी मी नियम केला. साडेआठनंतर फाटक उघडणार नाही. कुत्र्याला आत घ्यायचं, गोळी द्यायची, विषय संपला. दोन रविवार नवरा साडेनवाला आला आणि बाहेरून परत गेला. मी हलले नाही.

तिसऱ्या रविवारी तो पावणेनवाला आला. स्कूटरचा आवाज ऐकून कुत्रा आतून दार खरवडायला लागला. मी अंगणात येऊन उभी राहिले.

“पंधराच मिनिटं झाले वं.”

“साडेआठ म्हणजे साडेआठ.”

हे वाक्य मी कितीतरी दिवस तोंडात धरून होते. म्हणायला मिळालं याचं मला बरंसुद्धा वाटलं, खोटं कशाला सांगू. त्याने हुज्जत घातली नाही. एक कापडी पिशवी फाटकाच्या कडीला अडकवली आणि गेला. तो भांडला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आणले असतील कुत्र्यासाठी टोस्ट, म्हणून मी दुपारपर्यंत पिशवीला हातही लावला नाही. आत चौदा पुड्या होत्या. त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात ‘सकाळ’, ‘संध्याकाळ’, आठवड्याच्या सगळ्या. एक उघडून पाहिली. गोळी ब्लेडने नीट अर्धी केलेली होती. अर्धी द्यायची हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, कापून तर मीच बांधायची. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “साहेब काल येऊन गेले. अर्धा तास बसले. फिट आली तर काय करायचं, सगळं लिहून नेलं.”

मी लगेच नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, येत जा, वेळेचं पाहून घेऊ.

“नको वं,” तो म्हणाला. “तू बरोबर केलं. माझा मलेच भरोसा नाही. त्याले ताटकळत ठेवायचं नाही आता.”

येऊन राहिलो, असं तो म्हणाला असता तर मी दिवसभर वाट पाहिली असती.

कुत्र्याला त्यानंतर एकही फिट आली नाही. नियम बरोबरच होता, कोणालाही विचारा. पण मी शिक्षा द्यायला निघाले नवऱ्याला आणि भोगतोय कुत्रा, ही सल काही जात नाही. मी पट्टा कपाटात ठेवून दिला, तरी रविवार त्याला कसा कळतो कोण जाणे. आता मी सातलाच फाटक सताड उघडते. तो बाहेर जात नाही. रस्त्याकडे तोंड करून बसतो, आणि साडेआठला मी तिथेच त्याच्याजवळ बसून पुडी सोडते.