दुखतंय असं आधी कोणी म्हणायचं?

किनुएबाई हामाया घाबरलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या सुपाच्या पातेल्यापाशी. सॉफ्टबॉलच्या मोसमातला शेवटचा सामना संपला होता आणि आम्ही मुलींना गरम सूप वाढत होतो. चिगुसा आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. तिनं वाटी तोंडाला लावून सूप संपवलं, पण तळातली मुळ्याची फोड तशीच ठेवली. जेवायच्या काड्या तिनं उचलल्याच नाहीत.

"उराता सेन्से," बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "या पोरीला मुळा आवडत नाही का?"

"कोण जाणे. काल डब्यातला तर मिटक्या मारत खाल्ला."

"कुठल्या हातानं?"

मला काय माहीत? सेन्से म्हणजे शिक्षक खरा, पण मी गावच्या शाळेत गणित शिकवतो. संघाबरोबर एक शिक्षक असावा असा नियम आहे आणि मुख्याध्यापकांना मी रिकामा दिसलो. सॉफ्टबॉलमधलं मला एवढंच कळतं की त्यातला चेंडू अजिबात मऊ नसतो. खेळ शिकवण्यापासून बाकी सगळा कारभार किनुएबाईंचा. पहाटेपासून दुपारपर्यंत त्या माशांच्या वड्यांच्या कारखान्यात असायच्या आणि तिथून थेट मैदानावर. अंगाला माशांचा वास आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

तरुणपणी त्या स्वतः एका कंपनीच्या संघात पिचर होत्या. खालून वर, पुन्हा खाली, असा अख्खा हात गरगर फिरवून चेंडू सोडायचा. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडला की गोदामात सराव चाले, हात बधिर होईपर्यंत. अशाच एका हिवाळ्यात खांद्यात काहीतरी गेलं ते गेलंच. तेव्हापासून त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. केस त्या मुलांसारखे बारीक कापतात. का कापतात ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्याकडे दुखण्याचं नाव काढणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देणं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिगुसाला बाजूला घेऊन विचारलं, "हात दुखतो का?"

"नाही, सेन्से. ठीक आहे."

"डॉक्टरांना दाखवून येऊ या."

"ठीक असलेला हात काय दाखवायचा?" पोरगी हसली आणि वाकून नमस्कार करून पळाली.

मग बाईंनी सगळ्या संघाला उभं केलं. "फेब्रुवारी उजाडेपर्यंत चेंडूला कोणी हात लावायचा नाही. पळा, जिने चढा, पोहा, टेबल टेनिस खेळा. बुधवारी आणि रविवारी मात्र घरी लोळायचं. झोपा काढायच्या. कळलं?"

"होय!" पोरी एका सुरात ओरडल्या. इतक्या मोठ्यानं दिलेला होकार कोणी पाळत नसतं, हे वर्गात शिकवून मला पाठ झालंय.

बुधवारी निम्मा संघ शाळेच्या जिन्यावर हजर. म्हणे, स्वेच्छेनं. ती आली म्हणून ही आली, आणि ही आहे म्हणून तिला घरी जाता येईना, अशी ती स्वेच्छा. बाईंनी सगळ्यांना हाकललं आणि चेंडूंच्या पेटीला कुलूप घातलं. पण स्वतः? सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्या फावडं घेऊन मैदानावर. पिचर जिथं उभी राहते तिथला बर्फ उपसत बसायच्या, दात ओठ खाऊन. शाळेजवळच्या पुलावरून ते सगळ्या गावाला दिसायचं.

"बाई, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," मी एकदा म्हणालोच.

"मी काय चेंडू टाकतेय का? बर्फ साचला की मैदान बिघडतं."

"बिघडू दे की."

"तुम्ही गणित शिकवा."

नव्या वर्षाचे सण सरले. एका बुधवारी मासळी घ्यायला बंदरावर गेलो होतो. जाळ्यांच्या शेडमधून आवाज आला, धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प. मला खेळ कळत नसेल, पण ग्लव्हमध्ये चेंडू बसल्याचा हा आवाज कळतो. हातातली पिशवी तिथंच टाकून मी मैदानाकडे पळालो. बाईंना काही सांगावं लागलं नाही. माझा चेहरा पाहूनच त्यांनी फावडं टाकलं.

शेडच्या एका टोकाला चिगुसाचा बाप तातेओ पालथ्या टोपलीवर बसला होता. रात्रभर बोटीवर राबून आलेला, अंगात अजून रबराची विजार, चेंडू झेलायला हातात ग्लव्ह. दुसऱ्या टोकाला चिगुसा. ओठ पांढरे पडलेले.

"तातेओ! ग्लव्ह खाली ठेव."

"किनुएताई, असं कसं?" तो उठून उभा राहिला. "एक दिवस बसलं की तीन दिवस मागे पडतं, हे तूच शिकवलंस ना सगळ्यांना? शेजारच्या गावातल्या पोरी रोज टाकतात."

"टाकू देत. चिगुसा, चेंडू इकडे आण."

चिगुसानं चेंडू सोडला नाही. "सेन्से, तुम्ही कुठं थांबता? सुट्टीच्या दिवशीही बर्फ उपसता, माझ्याच जागेवरचा. मी घरी कशी लोळू?" तिनं चेंडू छातीशी धरला. "तुमचा खांदा दुखतो का?"

"नाही," बाई म्हणाल्या. सवयच ती. विचारायचा अवकाश की उत्तर तयार.

"मग माझाही नाही."

असं म्हणून तिनं पाय रोवला आणि हात मागे नेला. हात वर चढायला लागला. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडावं तेच सुचेना.

"दुखतो!" किनुएबाई किंचाळल्या.

हात अर्ध्यावर थांबला. चेंडू निसटून जाळ्यांत घरंगळला.

"दुखतो गं. रोज दुखतो. त्या कुशीवर झोपता येत नाही. केस विंचरता येत नाहीत. तेव्हा कोणाला बोलले नाही, मोठी शूर ना मी! मूर्ख होते." बाई हुंदके देत रडत होत्या, आणि इतक्या वर्षांत तसं मी पहिल्यांदाच पाहत होतो. "आता तू सांग."

चिगुसानं डाव्या हातानं उजवं कोपर धरलं. "उन्हाळ्याच्या सुट्टीपासून," ती म्हणाली. "पेन्सिल धरवत नाही."

बाईंनी त्याच संध्याकाळी गाडी काढली आणि तिला दवाखान्यात नेलं. कोपराखालच्या हाडाला केसाएवढी भेग होती. हाड तुटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस टाकत राहिली असती तर टाकता टाकताच मोडलं असतं. आता हात बांधून ठेवायचा. उन्हाळ्यापर्यंत चेंडू नाही, त्यानंतरचं त्यानंतर पाहू.

बाहेर बाकावर तातेओ खाली मान घालून बसला होता. चिगुसा शेजारी येऊन बसल्यावर तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस, बाळा? रोज समोर तर होतो."

"तुम्ही रात्रभर जागून बोटीवरून येता," ती म्हणाली. "तरी थंडीत माझे चेंडू झेलायला बसता. तुमचा हिरमोड झाला असता, बाबा."

तातेओनं मान वर केली. "मला तर थकव्यानं उभंही राहवत नसे गं," तो म्हणाला. "म्हणून तर टोपली घेतली होती. नाही म्हटलं तर तुला वाईट वाटेल म्हणून येत होतो."