छत्तीसची बेरीज आणि जागा बदललेले दोन अंक

अर्जदार: मी स्वतः, पिंपरीतल्या एका कचेरीसमोर बाकडे टाकून वीस वर्षे अर्ज लिहिणारा, नाव नमूद करीत नाही, परिसरास ते ठाऊक आहे. घटनेचा दिवस: आषाढातला मंगळवार. साक्षीदार: शेजारचा चहावाला. प्रतिवादी: नऊ हा अंक.

सातवीनंतर शाळेने माझा नाद सोडला, तरी गुरुजींनी शिकवलेला ताळा मी सोडला नाही. मोठी संख्या उतरवली की मूळ कागदावरील व नकलेतील अंकांची बेरीज करावी. दोन्ही जुळल्या की नक्कल निर्दोष. नऊने भाग जाणाऱ्या संख्येच्या अंकांची बेरीजही नऊच्या पाढ्यात येते, हे ज्ञान मी गिऱ्हाइकांना विनामूल्य देत आलो आहे.

त्या दिवशी महाळुंग्याच्या एका कंपनीने कामावरून कमी केलेली पॅकिंगवाली बाई आली. परत कामावर घ्यावे, अशी तिची तक्रार कचेरीत पडून होती. सुनावणीसाठी स्मरणपत्र हवे होते. पावतीवर तक्रार क्रमांक ७३०८६४२६. नऊने निःशेष भाग जातो, म्हणून मी तिचे अभिनंदन केले. अर्ज लिहिला, बेरीज केली: छत्तीस. समासात पेन्सिलीने खूण केली.

बाईने कागदावर बोट ठेवले. “भाऊ, पावतीवर आठ आधी हाय. तुमी सहा आधी लिवलाय.”

“दोन्हीकडे छत्तीस येतात, बाई. गणित खोटं बोलत नाही.”

“बेरीज बरुबर आसंल. पर लंबर माझा न्हाई ना ह्यो!”

“ऱ्हाऊ द्या ताई,” चहावाला म्हणाला, “भाऊंच्या नऊपुढं सायबाचंबी चालत न्हाई.”

हे मला प्रशंसेसारखे वाटले. बाईने सही केली.

तीन आठवड्यांनी ती उत्तर घेऊन आली. क्रमांक ७३०६८४२६ ची तक्रार अन्य व्यक्तीची असून पूर्वीच निकाली निघाली आहे. सबब स्मरणपत्र दप्तरी दाखल. कागद माझ्यापुढे ठेवून ती उभी राहिली.

मी मोठ्या संख्येतून लहान वजा केली. अठरा हजार उरले. त्यांना नऊने भाग दिला. बरोबर दोन हजार. अंकांची अदलाबदल झाली की पडणारा फरक नेहमी नऊच्याच पटीत असतो आणि बेरीज तीच राहते, म्हणून माझ्या ताळ्याला तो कधीच दिसत नाही. वीस वर्षांत असे किती अर्ज गेले असतील, याची चौकशी मी लोकहितास्तव केलेली नाही.

नवा अर्ज लिहिताना बाई एकेक अंक मोठ्याने वाचत गेली, मी उतरवत गेलो. बेरीज केली नाही. खाली लिहिले: चूक अर्जलेखकाची. हे शब्द माझ्या हातून प्रथमच उतरत होते. अक्षर मात्र सुबक आले.

सबब विनंती की, क्रमांक ७३०८६४२६ ची सुनावणी लावून तारीख बाईंना थेट कळवावी. मला पोच नको. नऊविरुद्धची तक्रार मी मागे घेत आहे. प्रतिवादीच्या जागी अर्जदारासच धरावे.