राज्याची उंची

“या राज्यातली उंची याच राज्यात राहिली पाहिजे!” कार्ल्सरूहेच्या विद्यापीठाचा बास्केटबॉल कोच आमच्या स्टुटगार्टच्या घरात असा गरजला, की वरच्या मजल्यावरच्या आजींनी पोलिसांना फोन लावला. माझी सव्वासहा फुटी लेक त्याला संघात हवी होती. मला ती घराजवळ हवी होती. बायकोने, जणू मुलगी बघायलाच आलाय असे, कांदेपोहे पुढे केले.

“इथल्या विद्यापीठाचा कोच कालच दोन बश्या खाऊन गेला,” मी सहज म्हणालो.

गडी इरेला पेटला. पाच बश्या संपवून, उंच दारातूनही उगाच वाकून गेला. राज्यासाठी इतकं खाणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मग मी लेकीला विचारलं, “बरं, कुठे जाणार?”

“शेजारच्या राज्यात. कायझर्सलाउटर्नला,” ती म्हणाली. “त्यांचं कुणी घरी आलं नाही.”